बूच

सगळा रस्ता त्याला बूच म्हणायचा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि बायकोच्या तोंडी रागाच्या वेळी यायचं, बाकी कुणाला त्याची गरजच पडत नव्हती. टोपणनाव द्यायला लोकांचं काय जातं? धाकट्याच्या हातून चूक झाली, त्या चुकीपायी थोरला बुडाला, आणि शाळेतल्या पोरांनी आठवडा उलटायच्या आत ते नाव त्याच्या पाठीवर चिकटवलं. मग ते निघालंच नाही. पन्नाशी ओलांडली, केस गेले, तरी कोपऱ्यावरचा सायकलवाला दुकानातून ओरडायचाच, "काय बूचराव, कुठं निघाली स्वारी?" आणि हा भला माणूस मान वर करून उत्तरही द्यायचा.

बूच म्हणजे बोटीच्या तळाचं बूच. लाकडी बोट पाण्याबाहेर ओढली की आत साठलेलं पाणी वाहून जायला हवं, म्हणून मागच्या बाजूला अगदी खाली एक भोक ठेवतात आणि त्यात आट्यांचं पितळी बूच पिळून बसवतात. बोट वर घेतली की काढायचं, पाण्यात सोडायच्या आधी लावायचं. एवढीशी गोष्ट. वडील बोटी बांधणारे सुतार. घराला लागून त्यांची शेड, आणि शेडमधली मोटरबोट त्यांनी ऐन उमेदीत स्वतःसाठी बांधलेली. बूच लावायचं राहू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. इंजिनाची किल्ली आणि बूच एकाच दोरीला बांधायचं. आधी बूच सोडवून भोकात बसवायचं, मग नुसती किल्ली घेऊन इंजिनापाशी जायचं. किल्लीला बूच लटकत असेल तर समजायचं, तळाला भोक उघडं आहे. बूच लावायचं काम धाकट्याचं, कारण इंजिनाखालच्या अडचणीत त्याचेच बारीक हात शिरायचे.

त्या दिवशी दादा एकटाच बोट घेऊन गेला. थंडीचे दिवस, अंगात जाड कोट, पायांत बूट. पलीकडच्या काठाच्या अर्ध्यावर पोचण्याआधीच बोट भरली. दादा सापडला तो दुसऱ्या दिवशी. बोट दोर लावून ओढून आणली तेव्हा तिच्या तळातून पाणी गळत होतं, ते जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं. वडील एकटे आत चढले. उतरले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती आणि किल्लीला बूच लटकत होतं.

"लावलंच नव्हतं," ते म्हणाले.

आईने धाकट्याकडे पाहिलं. "लावलं होतंस की नाही? बोल ना!" पण काय बोलणार? आठवत असेल तर बोलणार ना! आज सकाळी आपण दात घासले हे तरी कुणाला आठवतं? घासले असणार, रोज घासतो म्हणून. त्याने बूच लावलं असणार, रोज लावायचा म्हणून. पण समोर बूच लटकत होतं, आणि त्यापुढे पोराच्या आठवणीची काय किंमत?

आईने ती किल्ली आणि ते बूच स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या खिळ्याला टांगलं. मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून तिने धाकट्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. तहान लागली की मागायची नवऱ्याकडे, पुढे सुनेकडे, नातीकडे, एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसाकडे. हा समोर भरलेला ग्लास घेऊन उभा असला तरी ती त्याच्या बाजूने हात लांब करून दुसऱ्याकडून घ्यायची. गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्सने वाटी-चमचा त्याच्या हातात दिला, तेव्हा आईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड फिरवलं. नर्सला वाटलं, म्हातारीला गिळवत नाही.

माणूस तरी काय झाला त्याचा? तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत लागला आणि तिथे त्याचं नाव झालं, कारण त्याने आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सोडवता यायचा नाही. घरी मात्र वैताग. गॅस बंद आहे ना, तीनदा बघायचा. कुलूप ओढून बघायचा, जिना उतरायचा, परत चढून ओढायचा. नळ तर असा पिळायचा की बायकोला पक्कड घ्यावी लागे.

"त्या नळाचा काही गुन्हा आहे का?" ती म्हणायची. "एक दिवस मान मोडेल बिचाऱ्याची."

आता घरात वडील उरले होते. पडून खुबा मोडला आणि त्यांनी अंथरूण धरलं. डोकं मात्र शाबूत. त्यांची खाट खिडकीशी, आणि खिडकीसमोर शेडचं दार. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार आशा धरू नका. ते ऐकलं आणि बूच दोन दिवस धड जेवला नाही. त्याला वडिलांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, "जाऊ दे, झालं ते झालं." आई ते न बोलता गेली. वडीलही तसेच गेले तर मग माफी मागायला जगात माणूसच उरत नव्हतं.

म्हणून त्याने ठरवलं, बोट दुरुस्त करायची. बाबांनी बांधलेली, त्याच्यामुळे बुडालेली, तेव्हापासून शेडमध्ये कुलपात पडलेली. ती उभी करायची, खाटेवरून दिसेल अशी बाहेर काढायची, आणि मग बघू, काय म्हणतात ते.

"तुम्हाला वेड लागलंय," बायको म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जुने कपडे वर पेटीत आहेत. चांगल्या शर्टावर वंगण पाडाल तर याद राखा."

वडिलांना सांगितलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "नको."

"बाबा, आता तरी..."

"नको म्हटलं ना! ती दादाची बोट आहे."

त्याला वाटलं, दुःख बोलतंय. तो रोज त्यांना कुशीवर वळवायचा, पाठीला पावडर लावायचा, चादर सारखी करायचा, आणि रोज विचारायचा. शेवटी एका सकाळी म्हातारा कंटाळला. भिंतीकडे बघत म्हणाला, "वरून घासून रंग मार. पितळ उजळ. बास. तळाला हात लावू नकोस. कळलं?"

बूच हो म्हणाला, पण त्याला नवल वाटलं. लहानपणापासून याच माणसाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की बोट नेहमी खालून सुरू करायची. जो वरच्या रंगापासून सुरुवात करतो तो सुतार नाही, तो रंगारी. एकदा एका गिऱ्हाइकाने पाण्याखालच्या फळीला लोखंडी स्क्रू मारलेले सापडले, तेव्हा वडील शेडमध्ये थयथयाट करत होते, "पाण्यात लोखंड! अरे, हात तोडले पाहिजेत याचे!" धाकटा हसून हसून पोट धरून बसला होता. आणि आता म्हणे नुसता रंग मार. म्हातारपण, दुसरं काय.

त्याने शेड उघडली. आत कुबट वास. बोटीची मागची बाजू भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली, मधे हातही जाणार नाही अशी. वार्निशाचे पोपडे सुटलेले, सुकाणूच्या चाकावर कोळ्याची जाळी, तळाला वाळलेल्या शेवाळाचा थर. दादा टेकायचा ती बाकाची कड अजून गुळगुळीत होती. त्याने तिथे हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

बोट वर्षानुवर्षं पडून राहिली की आपल्याच वजनाने वाकते, म्हणून पहिलं काम म्हणजे तिला आधार देणं. तो करायला सायकलवाला आला. जॅक त्याचाच. दोघांनी मिळून ओंडके सरकवले, बोट केसाएवढी उचलली, पाचरी ठोकल्या, पुन्हा उचलली. दुपारपर्यंत तिला भिंतीपासून हातभर पुढे घेतली. सायकलवाला घामाघूम झाला, पण जीभ कुठली गप्प बसते!

"बूचराव, जॅक माझा, ओंडके माझे, कंबर माझी. बोट पाण्यात जाईल तेव्हा तुमचं काम एकच. तेवढं विसरू नका म्हणजे मिळवलं!"

असं म्हणून तो स्वतःच हसला. बूचही हसला. सवयच होती हसायची.

दुसऱ्या दिवशी त्याने आतल्या पायाखालच्या फळ्या उचलल्या. कुजकं लाकूड ओळखायची रीत वडिलांनीच शिकवलेली. जुना स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि हातभर अंतरावर टोचत जायचं. चांगलं लाकूड टणक लागतं, सडलेल्यात टोक लोण्यात गेल्यासारखं जातं. तो पुढून मागे टोचत निघाला. लाकूड चांगलं होतं. मन लावून बांधली होती म्हाताऱ्याने! त्याला वडिलांचा अभिमान वाटला.

मग तळाच्या कण्याला लागून असलेल्या फळीशी तो थांबला. ही फळी बाकीच्यांपेक्षा नवी, मागून बदललेली. तिची एक कड कण्यापासून सुटून चार बोटं आत जातील एवढी उघडली होती. त्याने रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली तांबूस भुगा. त्याने भुगा बोटावर घेतला, उजेडात धरला. गंज होता. पुढच्या भोकात गंज, त्याच्या पुढच्यातही गंज. अख्ख्या फळीला लोखंडी स्क्रू मारले होते, आणि एकाचीही मान शाबूत नव्हती.

हे कुणी केलं? या बोटीला वडिलांशिवाय कुणी हात लावत नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घातली, की ओढून काढताना फळी सुटली असेल, स्क्रू इथे पडून गंजले असतील. माणूस बापाच्या बाबतीत काय काय समजुती घालतो! तो पालथा झाला आणि इंजिनाखाली सरकला. आता हात बारीक राहिले नव्हते. खांदा अडकला, कोपर सोललं. वाळलेल्या चिखलात त्याची बोटं चाचपत भोकापर्यंत गेली.

भोक नव्हतं. भोकात बूच होतं.

तो तसाच पडून राहिला. मग बोटांनी पुन्हा चाचपलं. चौकोनी डोकं, भोवतीची कडी, सगळं जागच्या जागी. एकदा, दोनदा, तीनदा, गॅसचं बटण बघावं तसं. बूच लावलेलं होतं.

त्याने पाना आणला. पाना लावून रेटलं तरी हलेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पान्याच्या दांड्याला लांब नळी जोडली आणि पाय टेकून ओढलं तेव्हा ते किंचाळून सुटलं. तो आवाज खिडकीतून आत गेला असणार. हिरवट काळं झालेलं बूच मुठीत धरून तो स्वयंपाकघरात आला आणि त्याने खिळ्यावरची किल्ली काढली.

"अहो, ते कशाला..." बायको म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून तिने हातातली पळी खाली ठेवली.

त्याने खिळ्यावरचं बूच पुसलं, खिडकीत नेलं आणि आटे पाहिले. आट्यांवरच पोट भरणारा माणूस तो. आटे धारदार होते, नवेकोरे. हे बूच कधी कुठल्या भोकात गेलंच नव्हतं. इतकी वर्षं ते त्याच्या डोक्यावर लटकत होतं, आणि त्याने त्याच्याकडे सरळ नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? मान वर करायची सोय कुठे होती?

"मी लावलं होतं," तो बायकोला म्हणाला. "अगं, मी लावलं होतं!" आणि तो मोठा माणूस ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुष्कळ वेळाने तिने खिडकीतून शेडकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"जा," ती म्हणाली. "विचारा त्यांना."

वडील जागे होते. त्याने दोन्ही बुचं त्यांच्या पांघरुणावर ठेवली. म्हाताऱ्याने त्यातलं काळं उचललं, अंगठा आट्यांवरून फिरवला.

"घट्ट होतं?" त्यांनी विचारलं.

"नळी लावून ओढलं तेव्हा सुटलं."

"हं. मला नाही सुटलं. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. कितीदा आत गेलो पाना घेऊन." त्यांनी बूच पांघरुणावर ठेवलं. "तू घट्टच लावायचास."

बूच खाटेच्या कडेवर बसला.

"फळी तुम्ही बसवली होती."

"पितळी स्क्रू संपले होते. दादाला घाई. म्हटलं, एवढा हंगाम काढू, मग बदलू. बदलू बदलू म्हणता राहून गेलं."

"आणि हे दुसरं?"

"जादा करून ठेवलं होतं. बाकाखालच्या पेटीत होतं. दोरी मोकळी होती, मी बांधलं." वडिलांचा आवाज अगदी साधा होता, एखाद्या कामाची कृती सांगावी तसा. "खाली सगळे उभे होते रे. तुझी आई उभी होती."

"तिला कधीतरी सांगितलंत का?"

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.

"दवाखान्यात होती तेव्हासुद्धा?"

"तिने मला घराबाहेर काढलं असतं. तिच्या पोराला माझ्या हाताने मारलं मी, माझ्या कामाने! मग मला वाटलं, तू पोर आहेस. चार दिवस रागावेल, मग जवळ घेईल. आई आहे. पोराला माफ करते आई. नवऱ्याला कोण करतं?"

"नाही केलं, बाबा," तो म्हणाला. "मला पण नाही केलं."

त्याला खूप बोलायचं होतं. ग्लासाबद्दल, वाटी-चमच्याबद्दल, मीटरवाल्याबद्दल. संताप असा उसळला होता की खाट उलटी करावी. पण समोर कातडी लोंबणारा म्हातारा पडला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून सरळ कानात चाललं होतं. म्हाताऱ्याने हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"जाऊ दे आता," वडील म्हणाले. "झालं ते झालं."

हेच वाक्य! अख्खा जन्म ज्याची वाट पाहिली तेच, शब्दाला शब्द. त्याने मनगट सोडवून घेतलं. मग घड्याळाकडे पाहिलं. कुशीवर वळवायची वेळ झाली होती. त्याने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि वडिलांना सांभाळून वळवलं. रोज खिडकीकडे वळवायचा. आज भिंतीकडे वळवलं, पाठीला उशी लावली आणि बाहेर आला.

रस्त्यावर ऊन होतं. पांघरुणावरून उचललेलं काळं बूच त्याच्या मुठीत होतं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आत्ता, या क्षणी, मोठ्याने. पण कुणाला? आई नव्हती. त्या दिवशी किनाऱ्यावर उभे असलेले बहुतेक जण गेले होते. समोरून सायकलवाला जॅक न्यायला येत होता, त्याच्याच वर्गात होता तो. नाव चिकटवणाऱ्या पोरांत तोही होता.

"काय बूचराव! कुठवर आलं काम?"

"बूच लावलेलं होतं!" तो ओरडला. आवाज फाटला. त्याने मूठ उघडून वर धरली. "ऐकलंस का? मी बूच लावलं होतं!"

सायकलवाल्याने ऊन अडवायला कपाळावर हात धरून त्याच्याकडे पाहिलं, मग शेडकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"लावलंस? वा रे वा!" तो म्हणाला. "चला, एकदाचं लक्षात राहिलं म्हणायचं!"

आणि तो मनापासून हसत, जॅक घ्यायला शेडमध्ये शिरला.